दारू सोडण्याच्या गटात पहिल्यांदा जाताना: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्यांनी आधी काय करायचं, नंतर काय

मागच्या महिन्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एका बाईंचा फोन आला. "यांना रविवारी मीटिंगला घेऊन येतो. परवापासून बंद केलंय. हात लई थरथरायलेत, रात्रभर घाम. पण रविवारपर्यंत काढतील की." मी त्यांना म्हटलं, वहिनी, मीटिंग राहू दे, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. त्यांनी नेलं, सहा दिवस ॲडमिट ठेवलं, आणि मीटिंगला तो माणूस तिसऱ्या रविवारी स्वतःच्या पायांनी आला.

असे फोन वारंवार येतात. गटात जायची इच्छा असते, घरचे पाठीशी असतात, आणि तरीही बेत फसतो, कारण क्रम चुकलेला असतो. मीही तो चुकवला होता. अमावास्येला देवापुढे शपथ घेतली, एका झटक्यात बंद केली आणि तिसऱ्या दिवशी उसाच्या बांधावर फिट येऊन पडलो. पुढे गटाचा पत्ता मिळाला तेव्हा धीर यावा म्हणून थोडी घेऊनच गेलो, मागे बसलो, ऐकलेलं काही लक्षात राहिलं नाही आणि "हे आपलं काम नव्हे" म्हणत परत आलो. त्यात दीड वर्ष गेलं. ते तुमचं जाऊ नये म्हणून हे क्रमवार लिहितोय.

टप्पा १: आधी शरीर, मग मीटिंग

गट म्हणजे दवाखाना नव्हे. तिथे डॉक्टर नसतो, गोळी नसते, सलाईन नसतं. म्हणून पहिला प्रश्न गटाचा पत्ता काय हा नाही. दारू बंद केल्यावर शरीर काय करेल, हा आहे.

पुढच्यापैकी एक जरी गोष्ट लागू असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकदम बंद करू नका:

- सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला घोट लागतो.
- आधी कधी बंद केली तेव्हा फिट आली होती, भास झाले होते किंवा चार-चार रात्री झोप नव्हती.
- अनेक महिने रोज पिणं चाललंय आणि जेवण जवळजवळ सुटलंय.
- कावीळ, साखर, बीपी किंवा हृदयाचा आजार आहे.
- दारूबरोबर झोपेच्या गोळ्याही चालू आहेत.

शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, अंथरुणात साप दिसतो, मेलेला बाप दारात उभा दिसतो, माणूस घरच्यांना ओळखत नाही. आपल्या खेड्यांत नेमकी इथेच सगळ्यात मोठी चूक होते. "बाहेरचं लागलंय", "कुणीतरी करणी केलीय" म्हणून त्याला देवऋष्याकडे नेतात. हा भ्रम म्हणजे दारू अचानक तुटल्याने मेंदूत उठलेलं वादळ आहे आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. अंगारा लावायचाच असेल तर लावा, पण १०८ ला फोन केल्यावर, ॲम्ब्युलन्सची वाट पाहताना.

जायचं कुठे? बेळगावात जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स, आणि नेहरूनगरचं केएलई, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था याच कामाची आहे. कर्नाटकात मनोचैतन्य योजनेखाली तालुका रुग्णालयात मंगळवारी मानसिक आरोग्याची ओपीडी ठेवतात. खानापूर, चिकोडी, हुक्केरी भागातल्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात फोन करून डॉक्टर त्या दिवशी नक्की आहेत का ते विचारूनच निघावं. निपाणीवाल्यांना बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर आणि कोल्हापूर त्याच्या जवळपास निम्म्यावर. त्यांनी कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय धरलं तरी चालेल. हद्द कुठली, याचा विचार इथे करू नका.

डॉक्टरांपुढे खरा आकडा सांगा. "थोडीशी घेतो, डॉक्टर" या उत्तरावर दिलेला डोस कमी पडतो आणि फिट येते. ९० मिलीची पाकिटं दिवसाला किती, क्वार्टर किती, सकाळची पहिली किती वाजता, शेवटची कधी घेतली, हे घरून कागदावर लिहून न्या. बायको समोर आहे म्हणून आकडा कमी होणार असेल, तर तिला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगा.

> सावध: गल्लीतल्या दवाखान्यात "एक सलाईन लावून घेऊ, मोकळं होईल" हा बेत टाळा. बरेच दिवस दारूवरच असलेल्या, जेवण सुटलेल्या माणसाला बी-१ जीवनसत्त्व न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. निदान "हा रोज पिणारा आहे" एवढं तरी तिथे स्पष्ट सांगा.

> सावध: "पिणाऱ्याला न कळू देता दारू सोडवा" अशा जाहिरातीतली पावडर जेवणात घालू नका. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते डॉक्टर तपासून, माणसाच्या संमतीने, घोट न घेतलेल्या अवस्थेत सुरू करतात. नकळत दिलं आणि वर दारू गेली तर रक्तदाब कोसळतो, छाती भरते, जीव जाऊ शकतो. गोळी थांबवल्यानंतरही त्याचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

तपासा: थरथर थांबली? दोन घास जातायत? रात्री चार तास तरी झोप लागते? तिन्हीला हो असेल तर पुढे चला. डॉक्टरांनी बाहेर जायला मोकळं केलं असेल तर औषधं चालू असतानाही मीटिंगला बसता येतं.

टप्पा २: कसला गट, ते आधी समजून घ्या

"गट" म्हणून आपल्याकडे तीन-चार वेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात आणि त्यातून गोंधळ होतो.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, ज्याला सगळे ए.ए. म्हणतात, हा पिणं सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांचा आपसातला गट. फी नाही, फॉर्म नाही, हजेरीपुस्तक नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. तिथे कोणी साहेब नसतो. चहा करणारा आणि खुर्च्या मांडणाराही आपल्यातलाच.

धर्मस्थळाच्या ग्रामाभिवृद्धी योजनेकडून गावोगावी मद्यवर्जन शिबिरं होतात, साधारण आठ दिवसांची. शिबिर झालेल्यांची पुढे नवजीवन समिती होते आणि ते ठरावीक दिवसांनी भेटत राहतात. काम बहुतेक कन्नडमध्ये चालतं. तुमच्या घरातल्या कोणी बाई धर्मस्थळ संघात, म्हणजे याच योजनेच्या बचत गटात असतील तर त्यांच्या सेवाप्रतिनिधींना विचारणं हा सगळ्यात सोपा रस्ता.

काही दवाखाने आणि केंद्रं आपल्याकडे उपचार घेऊन गेलेल्यांना महिन्यातून एकदा-दोनदा एकत्र बसवतात. तिथे उपचार घेतलेत तर डिस्चार्जच्या दिवशीच तारीख विचारून घ्या.

घरच्यांसाठीचा गट वेगळा. त्याला अल-अनॉन म्हणतात. त्याबद्दल खाली.

आणि राहून झोपायचं व्यसनमुक्ती केंद्र हा गट नव्हे. तिथे न्यायचं ठरलंच तर मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी पाहा, रोज डॉक्टर येतो का ते पाहा, घरच्यांना भेटू आणि फोन करू देतात का ते विचारा. माणसाला गाडीत कोंबून न्यायला पोरं पाठवतो असं कोणी म्हणालं, तर तिथून उठा.

टप्पा ३: शोध

या टप्प्यावर लोक इंटरनेटवरचा एक जुना पत्ता धरून निघतात. शाळेची किंवा चर्चची खोली बदललेली असते, वार बदललेला असतो. कुलूप पाहून परत येतात आणि तो कुलपाचा फोटो पुढे सहा महिने पिण्याचं कारण होतो. पत्ता मिळाला म्हणजे गट मिळाला असं समजू नका. जिवंत माणसाशी बोलणं झालं की गट मिळाला.

विचारण्याचा माझा क्रम असा:

१. ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनाच, किंवा त्यांच्या विभागातल्या समाजसेवकाला. त्यांच्याकडे गटातल्या एखाद्या माणसाचा चालू नंबर बहुधा असतो.

२. ए.ए. इंडियाच्या संकेतस्थळावर गावानुसार यादी असते. बेळगाव पाहा, पण कोल्हापूर, गडहिंग्लज, हुबळी-धारवाड आणि गोवाही पाहा. कामासाठी चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्यांना तिथली मीटिंग जास्त सोयीची पडू शकते, गोव्यात ए.ए.चे गट जुने आणि भरपूर आहेत.

३. १४४१६, म्हणजे टेली-मानस. हा मोफत सरकारी नंबर दिवसरात्र चालतो. भाषा निवडताना मराठी घेता येते. नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.

४. यातून काहीच जमलं नाही तर मोबाईलवरच्या ऑनलाइन मीटिंगा. मराठीतही होतात. कॅमेरा बंद ठेवता येतो.

फोन पिणाऱ्याने स्वतः करायचा. घरच्यांनी नंबर शोधून द्यावा, लावून द्यावा, पण बोलणं त्याचं. आणि तो फोन सकाळी करा. रात्री दहाला, चढलेली असताना "उद्यापासून नक्की" म्हणत केलेले फोन सकाळी आठवतही नाहीत.

काय बोलायचं ते सुचत नसेल तर एवढंच: "नमस्कार, मला दारू सोडायची आहे. तुमची मीटिंग कुठं आणि कधी असते?" आडनाव, गाव, नोकरी कोणी विचारणार नाही. मग हे विचारून लिहून घ्या:

- वार, वेळ, आणि खोली इमारतीच्या कुठल्या बाजूला. दार रस्त्याकडून की मागून?
- मीटिंग खुली आहे की बंद? खुल्या मीटिंगला बायको, भाऊ सोबत बसू शकतात. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी.
- भाषा कुठली चालते?
- त्या दिवशी दाराशी कोणी भेटेल का? "हो, मी थांबतो" असं उत्तर आलं तर त्यांचं पहिलं नाव आणि नंबर घ्या.

भाषेबद्दल थोडं, कारण आपल्या भागात यावरून माणसं परत फिरतात. बेळगावच्या खोलीत मराठी, कन्नड, हिंदी, कधी इंग्रजी, सगळं एकत्र चालू शकतं. तुम्ही मराठीतच बोला. समोरचा कन्नडवाला बाजारात रोज मराठी ऐकतो, त्याला कळतं. तुम्हाला त्याचं सगळं कळलं नाही तरी "बेळग्गे", "कै नडुक" एवढे शब्द तुम्हालाही कळतील: सकाळ, आणि हाताची थरथर. भाषेचं भांडण त्या खोलीच्या बाहेर ठेवलेलं असतं, तुम्हीही बाहेरच ठेवा.

बायकांनी एक गोष्ट जास्त विचारावी: मीटिंगला दुसरी एखादी बाई येते का? नसेल तर बायकांची ऑनलाइन मीटिंग विचारा किंवा पहिल्यांदा खुल्या मीटिंगला बहिणीला घेऊन जा. पिणाऱ्या बायका आपल्याकडे दाराआड लपवल्या जातात, त्यामुळे त्या उपचारापर्यंत फार उशिरा पोचतात. हे वाचणाऱ्या कोणी असतील तर १४४१६ ला स्वतःच्या फोनवरून लावा, घरात कोणाला सांगायच्या आधी लावलात तरी चालेल.

टप्पा ४: पहिल्या दिवसाची तयारी

मीटिंग बहुधा संध्याकाळी, तास-दीड तास. म्हणून आधी परतीची बस पाहा. खेड्यातला माणूस साडेसातला बाहेर पडतो, शेवटची गाडी गेलेली असते, आणि सीबीटीच्या, म्हणजे बेळगावच्या बसस्थानकाच्या आसपास तासभर एकटा उभा राहतो. त्या तासात काय होतं ते मी सांगायला नको. गाडी नसेल तर सोबत मोटारसायकलवाला भाऊ न्या, किंवा पहिल्यांदा रविवार सकाळची मीटिंग मिळते का पाहा.

त्या दिवशी दुपारी पोटभर जेवा. चपाती-भाजी, भात-आमटी, जे असेल ते. रिकाम्या पोटी संध्याकाळ काढणं फार अवघड. खिशात भाड्यापुरते आणि चहापुरते पैसे, बाकी घरी. शेंगदाणे-गूळ किंवा चॉकलेट ठेवा. तलफ आली की गोड तोंडात टाकलं तर बऱ्याच जणांना पाच-दहा मिनिटं निभावून नेता येतं.

वाट बदला. ज्या रस्त्यावर तुमचं नेहमीचं दुकान आहे, तो रस्ता त्या दिवशी नको. लांबचा वळसा पडला तरी चालेल.

"कुठं चाललास रे?" या प्रश्नाचं उत्तर आधी ठरवा. "डॉक्टरकडं" एवढं पुरतं. लांबलचक खोटं रचू नका, ते सांभाळण्यातच जीव जातो.

> सावध: धीर यावा म्हणून नव्वद घेऊन जाऊ नका. पण घेतली गेलीच असेल तर घरी परतूही नका. दंगा न करता शांत बसणार असाल तर बसू देतात. बोलू मात्र देणार नाहीत. दुसऱ्या दिवशी ज्यांच्याशी फोनवर बोललात त्यांना खरं काय ते सांगा.

टप्पा ५: खोलीत

दहा मिनिटं आधी पोचा. उशिरा गेलं की सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळतील अशी भीती वाटते आणि माणूस दारातूनच फिरतो. फोनवर बोललेल्या माणसाला विचारा, त्याच्याच शेजारी बसा.

सुरुवातीला छोटी प्रार्थना, काही वाचन. मग एकेक जण बोलतो: पहिलं नाव, "मी मद्यपी आहे", आणि आपली हकिगत. मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर "आज मी फक्त ऐकतो" म्हणा. एवढं चालतं, दहा मीटिंगांपर्यंतही चालतं. शेवटी डबा फिरतो, त्यात सभासद आपल्या इच्छेने खोलीच्या भाड्याचे, चहाचे पैसे टाकतात. नवख्याने टाकायलाच हवेत असं नाही.

देवाचा उल्लेख येतो. तो कोणता हे ज्याने त्याने ठरवायचं. माळकरी विठ्ठल म्हणतो, ख्रिश्चन येशू म्हणतो, मुसलमान अल्ला म्हणतो, आणि देव न मानणाराही त्याच रांगेत बसलेला असतो.

गल्लीतलं कोणी भेटलं तर? भेटतंच. शहापूर, वडगाव, अनगोळ, सगळी एकमेकांच्या ओळखीची वस्ती. पण तो तिथे ज्या कारणाने आलाय त्याच कारणाने तुम्ही आलात. बाहेर भेटल्यावर मीटिंगचा विषय काढायचा नाही, आत ऐकलेलं घरी बायकोलाही सांगायचं नाही. मोबाईल बंद, फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही.

निघताना किमान दोन फोन नंबर घ्या. पहिल्या दिवसाचं खरं काम हेच. बाकी काही कळलं नाही तरी चालेल.

> सावध: "खऱ्या माणसाला गोळ्या लागत नाहीत, बंद कर" असं एखादा सभासद म्हणाला तर नम्रपणे ऐकून सोडून द्या. फिटची, झोपेची, उदासीची औषधं डॉक्टरच कमी करतील. त्या बाबतीत गटाचा शब्द चालत नाही.

टप्पा ६: दुसरी मीटिंग

बहुतेकांची वाट इथे तुटते. पहिल्या मीटिंगनंतर छाती हलकी होते, आठवडा बरा जातो, आणि "आता मला जमतंय" वाटायला लागतं. किंवा उलटं, एका माणसाचं बोलणं पटलं नाही म्हणून सगळा गटच नको होतो. दोन्हीला उत्तर एकच: निदान सहा मीटिंगा झाल्याशिवाय गट बरा की वाईट हे ठरवू नका. एक गट नाहीच रुचला तर दुसऱ्या वारचा पाहा.

शहरातले लोक नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा म्हणतात. कडोली, येळ्ळूर किंवा कणकुंबीच्या माणसाला ते बसच्या वेळापत्रकात बसत नाही. आठवड्यातून एक प्रत्यक्ष मीटिंग, दोन ऑनलाइन, आणि उरलेल्या दिवशी रोज एक फोन, एवढं धरा. फोन तलफ येण्याआधी करायचा. माझी वेळ संध्याकाळी सहाची होती, कारण सातला माझे पाय दुकानाकडे वळायचे.

महिना-दीड महिन्यात एखाद्या जुन्या सभासदाला "माझे स्पॉन्सर व्हाल का?" असं विचारा. स्पॉन्सर म्हणजे पुढची वाट दाखवणारा, अडचणीत फोन घेणारा जुना सभासद. पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला. उसनवारी देणारा, नातेवाईक किंवा कामावरचा मुकादम नको.

घरच्यांसाठी

अल-अनॉनला जाण्यासाठी त्याने दारू सोडलेली असावी लागत नाही. तो पीत असतानाही तुम्ही जाऊ शकता, तो कधीच गेला नाही तरी जाऊ शकता. कर्नाटकात सरकारी बसला बायकांना २०२३ पासून शक्ती योजनेत भाडं नाही. आधार कार्ड जवळ ठेवा. हद्द ओलांडून कोल्हापूरला जाताना मात्र तिकीट काढावं लागतं.

घरात तीन गोष्टी करू नका. मीटिंगहून आल्यावर तोंडाचा वास घेऊ नका. "आत काय झालं, कोण कोण होतं?" विचारू नका. आणि पाहुण्यांपुढे "यांनी सोडली बरं का" अशी घोषणा करू नका. त्या शब्दाचं ओझं त्याला पेलत नाही. गरम जेवण वाढा, पैशांचा विषय सकाळी काढा.

मारहाण होत असेल तर मीटिंगची वाट पाहू नका. ११२ ला फोन करा, मुलांना घेऊन माहेरी किंवा शेजारी जा.

टप्पा ७: पुन्हा प्यायलं तर

प्यायलं जातं, अनेकांचं. त्या रात्री घरी भांडण नको, शपथ नको. सकाळी स्पॉन्सरला किंवा त्या दोन नंबरांपैकी एकाला फोन, आणि त्याच आठवड्याची मीटिंग. किती दिवसांनी, किती, कोणाबरोबर, हे तिथे सांगा. चार-पाच दिवस सलग झालं असेल तर एकदम बंद न करता परत पहिल्या टप्प्यावर, म्हणजे डॉक्टरांकडे जा. मागच्या वेळी थरथरच होती म्हणून या वेळीही तेवढंच होईल असं धरू नका. बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या प्रत्येक फेरीत फिटचा धोका वाढतो.

घसरण्याचे दिवस आपल्याला आधीच माहीत असतात: गणपती विसर्जनाची रात्र, गावची लक्ष्मी यात्रा, मेव्हण्याच्या लग्नाची वरात, ऊसबिल जमा झाल्याची संध्याकाळ. कॅलेंडरवर त्यांना आत्ताच खूण करा. त्या दिवसाच्या आदल्या दिवशी मीटिंग, त्या दिवशी दोन फोन. वरातीला गेलात तर अक्षता टाकून जेवून बाहेर पडा, बँड सुरू व्हायच्या आधी. आणि परत यायची गाडी कितीची आहे ते सकाळीच पाहून ठेवा.